आघात आणि आस

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर. कंसातल्या नोंदी प्रात्यक्षिकाच्या आहेत.)



गुरुजी तबल्याचे. त्यांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर तबला-पखवाजावर पुष्कळ बोललं गेलं आहे, आणि ते माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी बोललं आहे. यंदा विषय निवडायची मोकळीक मिळाली, तेव्हा मी ड्रमसेटमधल्या एकाच वस्तूवर बोलायचं ठरवलं. ती वस्तू म्हणजे राइड सिम्बल. जॅझमध्ये गेली ऐंशीएक वर्षं ठेका चामड्यावर राहत नाही, तो या पितळी दिसणाऱ्या पत्र्यावर राहतो. आपण जॅझ ऐकायला बसतो तेव्हा कान ट्रम्पेटकडे, सॅक्सोफोनकडे, फार तर पियानोकडे जातो. ड्रमरचा उजवा हात तासभर न थांबता जे काही करत असतो ते कानाआड होतं. तो हात ऐकायला लागल्याशिवाय जॅझ अर्धंच पोचतं, असं माझं ठाम मत आहे. ते मत तुमच्या गळी उतरवण्यासाठी मी ही झांज स्टँडसकट घेऊन आलो आहे.

ही २२ इंची. साधारण ५६ सेंटिमीटर व्यास. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे या मापाला पातळच. बाजारात याच व्यासाच्या तीन किलोंच्या वर जाणाऱ्या राइडही मिळतात. त्यांचा आवाज वेगळा, उपयोगही वेगळा. तिच्यावर वाजवायच्या जागा तीन. मधला उंचवटा म्हणजे बेल. बेलपासून कडेपर्यंत उतरत जाणारा रुंद भाग म्हणजे बो. आणि शेवटी कड.

(आधी बेलवर, मग बोवर, मग कडेवर एकेक आघात.)

बेलवरचा आवाज टोकदार आहे, त्यात जवळजवळ स्वर ओळखता येतो. कडेवर काठीचा दांडा बसला की सगळा पत्रा एकदम उठतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. मधल्या भागावर काठीचं नुसतं टोक टेकवलं की जे ऐकू येतं ती राइडची खरी वाणी. तिच्यातच दोन आवाज आहेत. पहिला काठीच्या टोकाचा, लाकडाचा टणत्कार आणि धातूचा झणत्कार एकत्र. ड्रमर त्याला पिंग म्हणतात, डेफिनिशन म्हणतात. दुसरा त्याच्या मागून उठणारा, पसरणारा, लवकर न विझणारा. त्याला ते वॉश म्हणतात. तंतुवाद्याबद्दल बोलताना आपण ज्याला आस म्हणतो तीच ही, आणि मी आज तोच शब्द वापरणार आहे.

दुकानात गेलेला माणूस राइडवर एकदा मारतो, कान देऊन ऐकतो, आणि 'वा, काय गोड आहे' म्हणतो. त्या एका आघातावरून काहीच कळत नाही. आता ऐका.

(मध्य लयीत साधा ठेका, सुमारे अर्धा मिनिट.)

पहिल्या दोन-तीन आघातांत प्रत्येक टिंग सुटा होता. मग आस साठत गेली. दहा-बाराव्या आघातानंतर टिंगच्या खाली एक सलग सळसळ तयार झाली आणि ती वाढायची थांबली. जेवढी नवी ऊर्जा काठी देते आहे तेवढीच जुनी हवेत जाते आहे, असा तो समतोल. त्या सळसळीच्या वर टोकाचा आवाज अजून उभा आहे की नाही, हा एकच प्रश्न राइडला विचारायचा. पत्र्याच्या छपरावर पाऊस लागला की एकूण आवाज एक होतो, पण चांगल्या कानाला थेंब वेगळे मोजता येतात, तसं इथे झालं पाहिजे. थेंब हरवले तर ठेका हरवला. आणि नुसतेच थेंब उरले, मागे काहीच नाही, तर वाद्यमेळ कोरडा पडतो, बाकीच्यांना टेकायला जागा राहत नाही.

तबल्यावर बोट ठेवलं की नाद थांबतो. बंद बोल आणि खुले बोल यांच्या आळीपाळीवर आपल्या ठेक्याची सगळी रचना उभी आहे. राइडवर ठेका चालू असताना ही सोय नाही. मागचे आघात पत्र्यात शिल्लक असतात, आणि नवा आघात त्या हलत्या पत्र्यावर पडतो. पत्रा त्या क्षणी वर येत असेल की खाली जात असेल, हे वादकाच्या हातात नाही. म्हणून एकाच जागी, एकाच जोराने मारलेले दोन आघात काटेकोरपणे सारखे कधीच येत नाहीत. तरीही थोर ड्रमरच्या हातून अख्खी रात्र एक सलग, ओळखता येणारा आवाज निघतो. या वाद्याचं कौशल्य तिथे आहे.

थोडं शास्त्र सांगतो, लवकर आटोपतो. तारेतून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत असतात, म्हणून तार सुरेल लागते. पातळ वक्र पत्र्याची कंपनं अशा पटीत बसत नाहीत. शेकडो कंपनं एकमेकांच्या अगदी जवळ दाटीने असतात, आणि म्हणून कान एक स्वर पकडू शकत नाही. शिवाय जोराने मारलं की खालच्या कंपनांतली ऊर्जा हळूहळू वरच्या कंपनांत सरकते. झांजेची चमक आघाताच्या क्षणी पूर्ण नसते, ती किंचित नंतर भरते. वक्रता जास्त असेल तर आवाज उंच, पत्रा सपाटीकडे झुकला असेल तर खोल. बेल मोठी असेल तर पसारा जास्त. बेल अजिबातच नसेल तर पसारा इतका आवरतो की नुसतं टोक ऐकू येतं. अशा बिनबेलच्या राइडला फ्लॅट राइड म्हणतात, तिच्याकडे पुढे येतो.

धातूबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. उत्तम राइड ज्या मिश्रधातूची होते त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं, चांदीचा अगदी अंश. म्हणजे काशाच्याच कुळातलं. वारकऱ्यांच्या हातातले काशाचे टाळ आणि उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी, हे सगळे तिचे सगेसोयरे. या मिश्रणात कथील इतकं जास्त असतं की सावकाश निवलेला पत्रा ठिसूळ होतो, हातोडा मारला तर फुटतो. तोच पत्रा लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवला की लवचिक होतो. पोलादाचं वागणं नेमकं उलट असतं. काशाचा हा गुण ज्या कारागिरांनी हाताने शोधून काढला त्यांना धातुशास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती, पण त्यांच्याशिवाय हे वाद्य झालंच नसतं.

ओतलेली जाड चकती तापवून पुन्हा पुन्हा लाटतात, दर वेळी दिशा बदलून, म्हणजे पत्रा सगळीकडे सारखा पसरतो. बेल दाबून उठवतात. मग हातोडा. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावरचं मठारकाम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना राइडवरच्या ठोक्यांच्या खुणा ओळखीच्या वाटतील. भांड्याला ठोक्यांनी बळकटी येते आणि झळाळी येते. राइडवर प्रत्येक ठोका त्या जागचा ताण बदलतो, आणि ताण बदलला की आवाज बदलतो. शेवटी कातावर चढवून वरचा थर तासतात. पत्रा पातळ होतो, वजन उतरतं, आणि या बारीक गोल रेघा उमटतात. न तासलेल्या राइडची आस आखूड असते, आवाज कोरडा असतो. काही जणांना तो आवडतो. मला तो लहान दिवाणखान्यात चालतो, सभागृहात नाही.

या कलेचं गाव इस्तंबूल. अवेदिस झिल्जियन या आर्मेनियन कारागिराने तिथे १६२३ मध्ये झांजांचा कारखाना सुरू केला. ऑटोमन सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदात त्या झांजा वाजत. मिश्रणाची आणि भट्टीची युक्ती घराण्यातच राहिली. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या अवेदिसने १९२९ मध्ये अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या क्विन्सी इथे कारखाना काढला. जीन क्रुपासारखे त्या काळचे नामवंत ड्रमर त्याच्याकडे येत, पातळ झांजा मागत, आणि तो त्या करून देई. इकडे इस्तंबूलचा जुना कारखानाही चालू राहिला. तिथल्या झांजांवर के हे अक्षर असे, आणि ग्रेच ही कंपनी त्या अमेरिकेत आणून विकत असे. इस्तंबूलच्या झांजा हाताने ठोकलेल्या, म्हणून दोन कधी सारख्या निघत नसत. न्यू यॉर्कचे ड्रमर ब्रुकलिनला ग्रेचकडे जाऊन एकेक वाजवून पाहत आणि आपली निवडून घेत. अमेरिकेतल्या झांजांचा आवाज उजळ आणि एकसारखा, इस्तंबूलच्या केचा गडद, किंचित खरखरीत, आतून गुंतागुंतीचा. बॉप या आधुनिक जॅझशैलीच्या ड्रमरांनी मनापासून पसंत केली ती के.

इस्तंबूलचा तो कारखाना १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. तिथल्या कारागिरांच्या हाताखाली तयार झालेले अगोप तोमुरजुक आणि मेहमेत तामदेअर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा भट्टी पेटवली. १९९६ मध्ये अगोप गेले आणि एकाच्या दोन कंपन्या झाल्या, दोन्ही आजही हाताने ठोकलेल्या झांजा काढतात. एखादी कला किती थोड्या हातांवर तगून राहते पाहा. ते हात नसते तर जुन्या आवाजाच्या नुसत्या ध्वनिमुद्रिका उरल्या असत्या.

आता ठेका धातूवर कसा आला ते सांगतो. १९३० च्या दशकापर्यंत चार मात्रा पायाने वाजत. मोठ्या बास ड्रमवर दणादण चार आघात, आणि त्यावर नाचणाऱ्यांचे पाय. काउंट बेसींच्या बँडमधल्या जो जोन्स यांनी तो भार हलका केला. पायाने उघडमीट होणाऱ्या हाय-हॅटच्या जोडीवर त्यांनी ठेका नेला आणि बास ड्रम अगदी हळू केला. लयीला एकदम हवा लागली.

पुढचं पाऊल केनी क्लार्क यांचं. जन्म १९१४, पिट्सबर्ग. टेडी हिल यांच्या बँडमध्ये अतिजलद लयीच्या रचना वाजवताना पायाने चारही मात्रा धरणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी ठेका उजव्या हातात, मोठ्या झांजेवर घेतला. पाय मोकळा झाला. मग पाय आणि डावा हात मधूनच, अनपेक्षित जागी, आघात टाकू लागले. बँडमधल्यांना ते रुचलं नाही आणि क्लार्क यांची नोकरी गेली. पुढे त्याच टेडी हिल यांच्याकडे हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबची व्यवस्था आली, आणि त्यांनी तिथल्या वाद्यमेळासाठी क्लार्क यांनाच बोलावलं. पियानोवर थेलोनियस मंक. १९४१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातला जेरी न्यूमन नावाचा विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिथे जाई. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्याबरोबर क्लार्क वाजवत असलेलं मुद्रण त्याच्यामुळे आपल्याला आज ऐकता येतं.

बदल केवढा झाला, याचा तालाच्या माणसाने विचार करावा. बास ड्रमचे चार दणके गेल्याबरोबर खालचा सगळा अवकाश मोकळा झाला आणि डबल बासचा प्रत्येक स्वर ऐकू येऊ लागला. चालता बास खाली, राइड वर, आणि या दोघांच्या मध्ये बाकी सगळ्यांचा मोकळा संवाद, ही आधुनिक जॅझची बांधणी तेव्हा ठरली. ड्रमर लय राखणारा होता, तो आता बोलणाराही झाला. नाचाची साथ करणाऱ्या वाद्यातून ऐकण्याचं वाद्य झालं. इतकी मोठी गोष्ट एका झांजेमुळे घडली असं म्हणणं कुणाला अतिशयोक्त वाटेल. मला ते शब्दशः खरं वाटतं. चामड्याच्या कोणत्याही ड्रमवर इतक्या वेगाने, इतका वेळ, इतक्या हळू आणि तरीही सलग ठेका धरता आला नसता.

तो ठेका काय आहे? चार मात्रा. पहिली सरळ. दुसरीला एक छोटा आघात जोडलेला. तिसरी सरळ. चौथीला पुन्हा छोटा आघात. डिंग, डिंग-ग, डिंग, डिंग-ग. पुस्तकात लिहिताना मात्रेचे तीन भाग करून छोटा आघात तिसऱ्या भागावर दाखवतात. प्रत्यक्षात तो तिथे क्वचितच असतो. स्वीडनमधले दोन अभ्यासक, फ्रिबेर्ग आणि सुंदस्ट्रोम, यांनी २००२ मध्ये नामवंत ड्रमरांच्या मुद्रणांतले राइडचे आघात मोजून काढले. संथ लयीत मात्रेचा मोठा तुकडा छोट्याच्या तिपटीहूनही लांब असतो. लय वाढत जाते तसं हे प्रमाण घटतं, आणि अतिद्रुत लयीत दोन्ही तुकडे जवळजवळ सारखे होतात. त्याहून सुंदर निष्कर्ष दुसरा आहे. एकल वाजवणारा कलाकार मुख्य मात्रेवर राइडच्या किंचित मागे असतो, पण छोट्या आघातावर तो राइडशी बरोबर जुळतो. म्हणजे सगळ्यांच्या भेटीची जागा तो छोटा आघात.

आता ही राइड पुन्हा ऐका, पण लक्ष फक्त त्या 'ग'वर ठेवा.

(तोच ठेका, आधी मध्य लयीत, मग द्रुत लयीत, नंतर खालून चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून पुन्हा.)

मध्य लयीत 'ग' स्वच्छ होता. द्रुत लयीत तो आसेत बुडायला लागला. मुख्य आघात जोराचे असतात, ते तरतात. छोटा आघात हळू असतो, पहिला तोच बुडतो. बोटभर चिकटपट्टीने आस थोडी दबली आणि 'ग' पुन्हा वर आला. राइडची पारख करायची तर त्या लहान आघातावर करायची. पातळ, पसरट राइड संथ गाण्याच्या मागे फार सुंदर लागते, आणि वेग वाढला की धूसर होते. जड राइडचा 'ग' कोणत्याही वेगात स्पष्ट राहतो, पण तिच्यात ऊब नसते. रॉकमध्ये विजेच्या गिटारांच्या वर आवाज काढायचा असतो, तिथे जड राइड आणि बेलचा भरपूर वापर हेच बरोबर. लेड झेपेलिनचे जॉन बॉनहॅम पाइस्टे कंपनीची २४ इंची राइड वापरत. ते काम वेगळं.

काठीनेही फरक पडतो. टोक लहान आणि गोल असेल तर टिंग बारीक, लांबट असेल तर रुंद. १९५८ मध्ये जो कॅलाटो यांनी नायलॉनचं टोक आणलं. त्याने पिंग उजळ झाला आणि टोक झिजायचं थांबलं. मला लाकूडच आवडतं. नायलॉनच्या टोकाने सगळ्या राइड एकमेकींसारख्या बोलू लागतात.

आता दोन मुद्रणं सांगतो. घरी गेल्यावर एकामागून एक ऐका. रचना एकच, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची सो व्हॉट. पहिलं मुद्रण २ मार्च १९५९ चं, न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओतलं. ती इमारत पूर्वी चर्च होती, छत उंच, आणि तो अवकाश मुद्रणात ऐकू येतो. ड्रमवर जिमी कॉब. रचनेचं मुख्य अंग संपतं, माइल्स पहिला स्वर लावतात, आणि नेमक्या त्या मात्रेवर कॉब झांजेवर एक जोराचा आघात देतात. त्याची आस काही सेकंद रेंगाळते, आणि ती विझत असतानाच तिच्या खालून राइडचा ठेका पुढे येतो. कॉब पुढे सगळा वेळ जवळजवळ काहीच 'करत' नाहीत. लय थोडीही पुढे रेटत नाहीत, मागे ओढत नाहीत. माइल्स लांब थांबतात त्या जागा राइडने भरलेल्या असतात, म्हणून ते थांबू शकतात. या संयमाला मी फार मोठी कला मानतो.

दुसरं मुद्रण १२ फेब्रुवारी १९६४ चं, न्यू यॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमधलं. फोर अँड मोर या ध्वनिमुद्रिकेतलं. ड्रमवर टोनी विल्यम्स, वय १८. माइल्सकडे आले तेव्हा सतराच होतं. लय पहिल्या मुद्रणाच्या दुपटीकडे गेलेली. इतक्या वेगात दर दुसऱ्या मात्रेला डिंग-ग वाजवत राहणं शक्य नसतं असं नाही, पण विल्यम्स ते करत नाहीत. कधी चार सरळ आघात, कधी 'ग' फक्त चौथीला, कधी तीन-तीनचे गट मात्रांवरून आडवे नेलेले. ठेका मोडलाय असं वाटेपर्यंत तो पुन्हा सरळ. आणि आवाज पाहा: इस्तंबूलची जुनी के, गडद, आस भरपूर, तरी प्रत्येक टोक काचेसारखं स्वच्छ. पसारा आणि स्पष्टता ही दोन टोकं आहेत, एक वाढलं की दुसरं घटतं, असं मी मघाशी म्हटलं. ते पत्र्याबद्दल खरं आहे. हात विल्यम्स यांचा असेल तर दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा. काठी किती उंचीवरून येते, टेकून किती लवकर उठते, बोटांनी किती धरलेली आहे, यावर ते अवलंबून. राइडच्या आवाजातला निम्मा वाटा धातूचा, निम्मा मनगटाचा.

एल्विन जोन्स यांचं घर वेगळंच. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीत ते १९६० मध्ये आले. त्यांच्या राइडवर मात्रेचे तीन भाग सतत फिरत असतात, आणि 'ग' बहुतेकदा मुख्य आघाताइतकाच जोराचा. आस त्यांना अडचण वाटत नाही, ते तिला मोकळं सोडतात आणि तिच्या आतून ड्रम वाजवतात. ९ डिसेंबर १९६४ ला मुद्रित झालेलं अ लव्ह सुप्रीम ऐका. कोल्ट्रेन यांच्या दीर्घ, अनावर स्वरावलीला त्याच मापाचा पाठीराखा लागत होता.

आणि रॉय हेन्स. १९६८ मध्ये चिक कोरिया यांच्या नाउ ही सिंग्ज, नाउ ही सॉब्ज या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी पाइस्टेची फ्लॅट राइड वाजवली. मघाशी म्हटलेली, बिनबेलची. पियानो, बास आणि ती. आस इतकी थोडी की पियानोचा एकही स्वर झाकला जात नाही. त्यानंतर पियानोच्या त्रिकुटात फ्लॅट राइड हवीच, असं कित्येक ड्रमरांना वाटू लागलं. हेन्स २०२४ मध्ये, ९९ व्या वर्षी गेले.

आपल्याकडचा दुवा थोडाच, पण खरा आहे. मुंबईच्या हॉटेलांमध्ये १९३० च्या दशकापासून जॅझ वाजत असे आणि वाजवणारे बहुतेक गोव्याचे होते. त्यांच्यातले चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेव्हियर वाझ, संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करत. १९५१ च्या अलबेला चित्रपटामधल्या गाण्यांत जो स्विंग आहे तो त्या मैत्रीतून आलेला. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा भरू लागली आणि मोठे ड्रमर समोर बसून ऐकता आले. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांचं वादन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवत असेल: एक गुडघा जमिनीला, भोवती तबला, ड्रम आणि झांजा, आणि शेजारी पाण्याची बादली. नाद चालू असताना धातू पाण्यात उतरवला की आवाज खाली वाकतो. ठुमरीच्या घरात वाढलेल्या माणसाने धातूला मींड द्यायला लावली.

आजच्या आपल्या परिस्थितीबद्दल मला काळजी वाटते ती सांगतो. ऑर्केस्ट्रांमध्ये, गावोगावच्या कार्यक्रमांत झांजेची जागा ऑक्टोपॅडने घेतली आहे. त्याची सोय मला समजते. एक माणूस, एक पेटी, ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळं त्यात. पण रबराच्या पॅडवर मारल्यावर साठवलेला आवाज बाहेर येतो, आणि आधीच्या आघाताचा नव्या आघाताशी तो खरा, पत्र्यातला संबंध राहत नाही. शिकणाऱ्या मुलाला कळतच नाही की आपला हात दोन इंच कडेकडे सरकला तर आस वाढते, मनगट जड झालं तर 'ग' बुडतो. पॅड त्याची चूक लपवतं, आणि लपलेली चूक दुरुस्त होत नाही. जिथे खरे ड्रम आहेत तिथेही ध्वनिव्यवस्थेवाले शंभर माणसांच्या खोलीत झांजेच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगतात. जी वस्तू मायक्रोफोनशिवाय मागच्या भिंतीपर्यंत पोचते तिला कर्ण्यातून पुन्हा सोडलं की ती टोचणारच. मग लोक म्हणतात, झांज कर्कश असते.

म्हणून तीन विनंत्या करतो. आयोजकांना: लहान सभागृहात राइडला मायक्रोफोन लावू नका. ड्रम शिकवणाऱ्यांना: पहिल्या वर्षी मुलाला रोज थोडा वेळ फक्त राइडवर, एकच ठेका, हळू आवाजात वाजवायला लावा, आणि 'ग' ऐकायला शिकवा. आणि पालकांना: मुलाला ड्रमची हौस आहे म्हणून एकदम पाच ड्रमांचा चकचकीत संच आणि त्याबरोबर फुकट मिळणारी पत्र्याची झांज घेऊ नका. ड्रम जुने, कोणाचे वापरलेले चालतील, चामडी बदलता येतात, सूर मिळवता येतो. झांज सुरात लावता येत नाही, ती जशी घेतली तशीच राहते. पैसे आधी एका चांगल्या काशाच्या राइडवर घाला. दुकानात जाताना मुलाला त्याच्या स्वतःच्या काठ्या घेऊन जाऊ द्या, एकदा मारून निवडू देऊ नका, निदान पाच मिनिटं सलग वाजवू द्या, आधी संथ, मग द्रुत. तुम्ही दहा पावलं लांब उभे राहा. तिथून छोटा आघात ऐकू आला, तर ती घ्या.